हंड्यातलं पाणी

"ती बरणी तिथं ठेवू नको," हर्षदा म्हणाली.

ईश्वरीनं टेबलावर टेकवलेली बरणी पुन्हा उचलून पोटाशी धरली. टाकव्याहून कान्ह्यापर्यंत टेम्पोत तिनं ती अशीच धरली होती. बिस्किटांची जुनी बरणी, झाकणाला भोकं पाडलेली. आत शेवाळाचा पुंजका आणि नखाएवढे लाल झिंगे. त्यांची पिल्लं तर डोळे बारीक केल्याशिवाय दिसतही नव्हती.

तिची आई आरती पिशव्या घेऊन दाराशीच उभी होती. सकाळी देवळात निवृत्तीशी तिचं लग्न लागलं होतं, दोघांचंही दुसरं. निवृत्ती मायलेकींना दारात उतरवून टेम्पो परत द्यायला गेला, आणि घरात होती त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. माप ओलांडणं राहिलं बाजूला, हर्षदानं 'या'सुद्धा म्हटलं नव्हतं. या बाईला आई म्हणायचं की मावशी, हा प्रश्न तिनं काहीच न म्हणून सोडवला होता.

"निवृत्तीकाका म्हनले, हितल्या टाकीत सोडायचे," ईश्वरी म्हणाली.

"टाकी काकांची नाही. माझ्या आईची आहे."

काचेची टाकी कोपऱ्यात होती, वरचा दिवा लावलेला, काच लख्ख. आई गेल्यापासून हर्षदा बापालाही टाकीला हात लावू देत नसे. आत दोन एंजल मासे मालकासारखे फिरत होते.

"ते मासे बघितलेस ना? तुझी पिल्लं गिळून टाकतील. तुझ्या डोळ्यांदेखत." हे सांगताना हर्षदाला बरं वाटलं.

"ईशे, ऱ्हाऊ दे बरनीतच," आरती म्हणाली.

"बरनीत मरतील गं. ह्या पान्याला वास येतोय." ईश्वरीनं हर्षदाकडं पाहिलं. "ताई, आधी त्यांना नव्या घरचं पानी थोडं थोडं द्यायचं. मंग सवय व्हती. दुकानवाल्या काकांनी सांगितलंय."

"आमच्याकडं झिंगे कालवणात घालतात," हर्षदा म्हणाली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

ईश्वरीनं इकडंतिकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर तांब्याचा हंडा होता, चिंचेनं घासलेला, काठोकाठ भरलेला. तिनं बरणी खाली ठेवली, झाकण काढलं, हंड्यावरची वाटी घेतली आणि पाण्यात बुडवली.

हर्षदानं नजर वर केली.

आईनंही एकदा असेच झिंगे आणले होते. तांब्याच्या हंड्यातलं पाणी माणसाला चांगलं, मग त्यांनाही चांगलंच, असं म्हणत आईनं तेच टाकीत ओतलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळे झिंगे तळाशी आडवे पडले. तांबं त्यांना विष असतं हे नंतर कळलं. आई त्या दिवशी जेवली नव्हती.

आता फक्त गप्प बसायचं होतं. कुणी दोष दिला नसता. बरणी आपोआप रिकामी झाली असती आणि टाकी आईची राहिली असती. हर्षदा गप्प बसलीही. वाटी बरणीच्या तोंडाशी येईपर्यंत.

मग ती ताडकन उठली आणि तिनं ईश्वरीच्या हातावर फटका मारला.

पाणी फरशीभर झालं. वाटी घरंगळत आरतीच्या पायाशी जाऊन थांबली. ईश्वरी रडली नाही, हात चोळत बघत राहिली.

आरतीनं वाटी उचलली. सकाळपासून खाली घातलेली तिची मान वर आली.

"पान्यालाबी हात लावायचा न्हाई व्हय, हर्षदा? मला बोल. काय बोलायचं त्ये बोल, मी ऐकून घीन. तुझ्या आईच्या घरात आलेय, तुला राग येनारच. पर लेकराच्या हातातलं पानी उडवलंस? वैरी दारात आला तरी मान्सं पानी इचारत्यात गं!"

तांबं झिंग्यांना चालत नाही, एवढंच हर्षदानं सांगायला हवं होतं. भांडण तिथंच मिटलं असतं. वर आरतीनं डोळ्यांत पाणी आणून तिचं कौतुक केलं असतं, आणि नेमकं तेच हर्षदाला नको होतं.

"माझं घर आहे," ती म्हणाली. "मी ठरवणार कोण कुठलं पाणी घेणार ते."

"ऱ्हाऊ दे तुझं तुला." आरतीनं वाटी स्टुलावर ठेवली आणि पिशव्या उचलल्या. "ईशे, चप्पल घाल. टाकव्याला गाडी मिळंल अजून."

हर्षदा तोवर टाकीपाशी गेली होती. तिनं प्लास्टिकचा मग टाकीत बुडवला, भरला आणि ईश्वरीच्या पुढ्यात असा आदळला की निम्मं पाणी पोरीच्या फ्रॉकवर उडालं. वर एक चमचा फेकला.

"ह्यातलं घाल. चमच्यानं, थांबत थांबत. हंड्याला परत हात लावलास तर बघ." मग ती खाटेखाली वाकली आणि आईचा टाकीच्या सामानाचा खोका ओढून काढत तिथूनच खेकसली, "आणि मी माशांच्या मधे जाळी लावेपर्यंत टाकीत सोडायचे नाहीत. एकपण नाही."

ईश्वरी ओल्या फरशीवरच फतकल मारून बसली. तिनं पहिला चमचा बरणीत सोडला. शेवाळ हललं. एक झिंगा मिशा हलवत बाहेर आला, थोडा थांबला आणि परत आत गेला. तिनं दुसरा चमचा भरला.

"चप्पल घाल म्हनलं ना, ईशे!" आरती उंबऱ्यातून ओरडली.

ईश्वरीनं चमच्यावरची नजर काढली नाही.

"थांब की, आई," ती म्हणाली. "हिनं पानी दिलंय."