सात आकडे

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा तो कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभा होता. त्याच आठवड्यात बाटल्यांना झाकणं लावणारं मशीन अडून बसलं. वीस वर्षं ते तीच चालवायची, त्याची खोड फक्त तिलाच ठाऊक होती.

तिनं साहेबांना तीनदा विचारलं होतं, "रोज एक तास द्या, चौघांना शिकवते."

"तुम्ही आहात की," साहेब म्हणायचे.

मग ती त्याला म्हणाली होती, "अहो, निदान तुम्ही तरी शिकून घ्या."

"बायकोकडून शिकलो तर सगळं खातं हसेल मला."

महिन्याभरानं बाहेरून सल्लागार आला. सगळ्यांना कोऱ्या वह्या मिळाल्या. तिला कधी दाद न देणारे आता माना डोलावत लिहून घेऊ लागले. तो मात्र शेवटच्या रांगेत नुसता चुळबुळत होता.

"मशीन अडलं की पट्टा सैल करा, सात आकडे मोजा, मगच बटण दाबा," सल्लागार म्हणाला.

ते सात आकडे त्यानं रोज लांबून तिच्या तोंडून ऐकले होते. तो उठलाच. "सर, हे कुठं शिकलात?"

"इथंच. नवखा होतो तेव्हा दुरुस्तीला आलो होतो. एका ताईंनी दिवसभर उभं राहून शिकवलं. आज दिसल्या नाहीत, रजेवर आहेत का?"

शेवटी सगळ्यांना अभिप्रायाचे फॉर्म वाटले.



बाकीच्यांचे कधीच जमा झाले. त्याच्या फॉर्मवर 'तुम्हाला कोणी शिकवले?' यापुढची जागा अजून भरायची राहिली आहे.