सव्वापाचची खरखर

फोन एकदाच वाजला आणि थांबला. आतल्या खोलीतून सरांच्या पत्नी यमुनाबाईंचा आवाज आला, "राँग नंबर." सदाशिवसरांचा खडू क्षणभर फळ्यावर तसाच टेकून राहिला. औरंगपुऱ्यातल्या जुन्या तारा, लाइनीतच दोष असणार, असं घरच्या शिकवणीतल्या मुलांना सांगून ते पुन्हा सर्किटकडे वळले.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, सईनं बुद्धभूषणशी लग्न केलं, तेव्हा या घरात फोनसुद्धा करायचा नाही, असं सरांनीच तिला बजावलं होतं. त्यांच्या माहितीप्रमाणे तिनं ते पाळलं. पुढं सगळ्यांनी सांगूनही सरांनी लँडलाइन काही काढली नाही. घंटी वाजली की त्यांचं बोलणं अजून अर्ध्यावर तुटे.

टेबलावरच्या यंत्राच्या काचेवर नुसती खरखर नाचत होती. तिच्यात एक इवलासा ठोका दडलाय, सर सांगत होते, ठरलेल्या वेळी येणारा. आपलं सर्किट नेमकं त्याच वेळी दार उघडतं आणि आत येईल ते साठवतं. खरखर कधी वर, कधी खाली. तिची तीच फिटून जाते. ठोका मात्र दर खेपेला थोडा थोडा साठत राहतो. दोन मिनिटांत काचेवर खरंच एक टेकडी उगवली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

गंगापूरची सोनिया तेवढी गप्प होती. "सर, खरखर वेळ पाळत नाय ना?"

"नाही. वेळ पाळते ती खरखर नव्हे."

"मग तुमचा राँग नंबर रोज सव्वापाचलाच कसा काय येतो?"

पोरं हसली. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलांना तारा जोडायला बसवून ते पाच वाजून दहा मिनिटांनीच आत गेले आणि फोनपाशी उभे राहिले. यमुनाबाई पदराला हात पुसत आल्या, त्यांना पाहून दारातच थबकल्या. बाहेर पोरांचा गलका चालला होता.

फोन वाजला. सरांनी उचलला. चार वर्षं मनाशी घोकलेलं एकही वाक्य ओठांवर येईना.

थोड्या वेळानं पलीकडून सईचा दबका आवाज आला. "आई, रोजच्यासारखा रिसीव्हर बाजूला ठेवलास ना? मग आज नुसता पोरांचाच आवाज का येतोय? बाबा बोलत का नाहीयेत?"