सारसाचं पीस

पुष्पांजलीने प्रयोगशाळेचा कागद उमरावकाकांपुढे ठेवला. "काकाजी, पक्षी जिथलं पाणी पितो, तिथली खूण त्याच्या पिसात उतरते. तुमी पिल्लाचं म्हणून दिलेलं हे सारसाचं पीस आपल्या गावच्या तळ्या-बोडीच्या पाण्यावर वाढलं नाही, उत्तरेकडचं आहे." "तुही मशीन चुकली असंन," उमराव म्हणाले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या धानाच्या बांधीत सारसाने अंडी घातली होती. पिल्लं उडून गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि तालुक्यात त्यांचा सत्कार झाला. "मशीनच चुकली, असं लिहिते," म्हणत पुतणी अहवालातली ओळ खोडायला लागली, तेव्हा मात्र उमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खोडू नोको, बेटी. चिखलणीत ट्रॅक्टरखाली अंडी फुटली. पीस मी कानपूरच्या ट्रकवाल्याकडून मागवलं." चहा घेऊन आलेली त्यांची बायको दारातच थांबली. "महिनाभर मी लांबून फेरा घेऊन वावरात जात होती," ती म्हणाली, "पिल्लं भेतीन म्हणून."