वर्षभराच्या पोळ्या

इंदुमतीबाईंना वर्षभर आयत्या पोळ्या मिळणार होत्या. "ताई, स्पेनमध्ये एकट्या फिरताय ना? एक दिवस तोंड मिटून दाखवा. जमलं तर वर्षभर पोळ्या माझ्याकडे, नाहीतर तुमच्याकडे!" धाकट्या जावेने पैज लावली होती.

म्हणून तटबंदीच्या आविला शहरात त्या सकाळपासून मुक्याने हिंडत होत्या. तट दोनदा चढून-उतरून झाला, तरी पाय ठरेनात. जीभ तर नुसती वळवळत होती.

दुपारी त्या एका मठात मिठाई घ्यायला शिरल्या. भिंतीत लाकडी फिरतं कपाट होतं. मठाबाहेर कधीच न पडणारी पलीकडची नन दिसत नव्हती. पैसे ठेवले, कपाट फिरलं, मिठाई आली. आतून एक थकलेला आवाज स्पॅनिशमध्ये मायेने काहीतरी पुटपुटला.

"अगंबाई, जन्मभर आतच का गं? गुडघे दुखतात का तुझेही?" बाई सुटल्याच. अर्धा तास मराठीत बोलल्या. आतून होकार येत राहिले. पर्समधला बेसनलाडू कपाटातून आत गेला.

जावेला हे कळायचं कारणच नव्हतं. पण सांगितल्यावाचून राहवेल, तर त्या इंदुमतीबाई कसल्या!

वर्षभर पोळ्या त्यांनीच लाटल्या. आणि त्या लाटताना ननची गोष्ट रोज नव्याने ऐकून किंमत मोजली, ती जावेने.