आवाज बसला की काढायचं

तीस वर्षं मासे आणि बटाटे तळून विकलेल्या माणसाला डॉक्टरांनी तळलेलं खाणंच बंद केलं. बायकोने कंबर कसली. माशांच्या तुकड्यांना पावाचा चुरा लावला, बटाट्याच्या फोडींना चमचाभर तेल चोळलं आणि सगळं ओव्हनमध्ये सरकवलं. पण नवऱ्याचा अख्खा धंदा कानावर चाललेला. कढईतली चरचर बसली की झारा घालायचा, घड्याळाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि हा ओव्हन म्हणजे मुखस्तंभ! पहिल्या दिवशी त्याने मासे कच्चेच बाहेर काढले, दुसऱ्या दिवशी त्यांचा कोळसा केला. तिसऱ्या दिवशी तर ताटच लोटलं. "मुक्याने शिजलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही."

चौथ्या दिवशी तिने त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि ओव्हनला पंचवीस मिनिटं लावली. शेवटची पाच मिनिटं ती शेगडीवरच्या रिकाम्या, तापल्या तव्यावर चमच्याने पाण्याचे थेंब सोडत राहिली. चर्र, चर्र, चर्र. वेळ भरली तशी थांबली.

"काढ!" बाहेरून हुकूम आला.

मासे सोनेरी, बटाटे कुरकुरीत. त्याने ताट चाटूनपुसून लख्ख केलं. "बघ, यंत्र कितीही शहाणं असलं तरी शेवटी कानच लागतो."

"तर काय!" हसू दाबत तिने तवा ओट्याखाली सारला.

हात धुताधुता तो म्हणाला, "फक्त उद्या पाणी जरा हळूहळू कमी कर. मासा असा एकदम गप्प बसत नाही."