मधली डबी

चहा ओतून झाला की अप्पा मनगटावर अंगठा दाबत. कातडीखालच्या जुन्या यंत्रातून ती हाक आईच्या मनगटातल्या नव्या यंत्राकडे जाई. आईने अंगठा दाबला की अप्पांना हलका ठोका जाणवे. दोन्ही यंत्रांना एकमेकांची भाषा कळत नसे, म्हणून त्यांच्या लेकीने, शर्वाणीने मध्ये काडेपेटीएवढी दुभाषी डबी बनवली होती. आजारपणात आईचा हात उचलेनासा झाला, तेव्हा कुणाला न सांगता तिने डबीलाच उत्तर द्यायला शिकवलं.

आईचं तेरावं होऊन गेलं, तरी ठोका येतच होता.

"त्या डबीला म्हणावं, एवढी घाई करू नकोस," बशीत चहा ओतत अप्पा म्हणाले.

शर्वाणी दचकली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुझी आई कधी एका हाकेत आलीय का? चहा निवला की यायची, वर मलाच म्हणायची, गार दिलात!"

शर्वाणी हसली आणि डोळे पुसत तिने पेचकस घेतला. "बंद करते, अप्पा."

"बंद कशाला? आईकडची बाजू तुझ्या मनगटातल्या यंत्राला जुळते का बघ."

दुपारपर्यंत तिने डबीचं आपणहून उत्तर देणं काढून टाकलं आणि नवी जोडणी केली.

चारच्या चहाला ती आतल्या खोलीत होती. मनगटात ठोका पडला. अंगठा मनगटावर ठेवून ती थांबली. अप्पांचा चहा जरा निवू दिला, आणि मग अंगठा दाबला.