पुसलेले पाळणे

कॉलेजच्या कामासाठी दीपालीने घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजसोबत लिनक्सही टाकायला घेतलं. जागा वाटून देण्याऐवजी तिने चुकून सगळी डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला. लिनक्स सुरू झालं, विंडोज मात्र कुठेच दिसेना. राजघाटावर फिरून घरी परतलेल्या भावाने विचारलं, “आईची गाणी दुसरीकडे ठेवली होतीस ना?” “नाही.” “मतलब सब गया?” घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी तिने गायलेले पाळणे फक्त याच कॉम्प्युटरवर होते. दारात उभ्या आईने सगळं ऐकलं. दीपालीला आईकडे बघवेना. आई जवळ आली. तिने टेबलावर बोटांनी पाळण्याचा ठेका धरला. हळूहळू दीपाली कापऱ्या आवाजात गाऊ लागली. दुसऱ्या ओळीत ती चुकली, तेव्हा आईने ‘असं नाही’ अशी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून ठेका सुरू केला.